वाचकांचे प्रश्न : भरतपूरला जाण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो. भिगवण आणि नांदूर मध्यमेश्वर या पक्ष्यांच्या पाणथळी पाहून झालेल्या असतात, मुले किंवा नातवंडे हाताशी आलेली असतात, नवा कॅमेरा घेतलेला असतो आणि मनात राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान असते. या वेळी इतर पत्रे बाजूला ठेवून केवळ भरतपूरविषयीच्या आणि त्याला लागून आलेल्या प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. भरतपूरला नेमके कोणत्या महिन्यात जावे? नोव्हेंबर, डिसेंबर आणि ऑगस्ट अशी तीन वेगवेगळी उत्तरे आम्हाला तीन परिचितांकडून मिळाली आहेत. (पुणे)

उत्तर : तिन्ही परिचितांचे बरोबर आहे, कारण तिघांनी वेगवेगळे भरतपूर पाहिलेले आहे. जुलै-ऑगस्टपासून पाणथळीतील बाभळींवर चित्रबलाक आणि मुग्धबलाक हे करकोचे, पाणकावळे, लांब मानेचे तिरंदाज आणि बगळे यांची घरट्यांची वसाहत भरते. एकेका झाडावर इतकी घरटी असतात की लांबून ते झाड फुलल्यासारखे वाटते आणि जवळ गेल्यावर कानावर पडणारा पिल्लांचा गलका रस्त्यावरूनही पुरता ऐकू येतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडून आलेली बदके, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) आणि शिकारी पक्षी असतात. आपल्याला दोन्हींची चव घ्यायची असेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्या वेळी चित्रबलाकांची वाढलेली पिल्ले अजून झाडांवर असतात आणि बदकेही उतरलेली असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात पक्षी भरपूर असले तरी दाट धुक्यामुळे कित्येकदा सकाळी दहापर्यंत समोरचे झाडही दिसत नाही. शिवाय हा प्रदेश उपोष्ण आहे, म्हणजे जूनमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे तो 5 अंशांच्या आसपास असतो. पुण्याच्या थंडीचा अंदाज घेऊन एकच स्वेटर नेणारी माणसे तिथे पहिल्याच सकाळी बाजारात मफलर शोधताना दिसतात.

परंतु महिन्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही : यंदा तिथे पाणी आहे का? सुमारे 29 चौरस किलोमीटरचे हे उद्यान निसर्गतः तयार झालेले सरोवर नाही. मुळात तो एक खोलगट भाग होता. भरतपूरच्या सूरजमल राजाच्या काळात अजान बांध उभा राहिला, त्यात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पाणी अडले आणि पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी या भागात बंधारे घालून, दरवाजे बसवून पाणी हवे तसे खेळवले. आजही आपण ज्या रस्त्यांवरून फिरता ते बव्हंशी हे बंधारेच आहेत. गंभीर नदीवर वरच्या बाजूला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाल्यापासून उद्यानाला मिळणारे पाणी हा शेतकरी आणि उद्यान यांच्यातील कायमचा वादाचा विषय झाला आहे. अलीकडे गोवर्धन नाल्याच्या आणि चंबळच्या पाण्याची जोड मिळाली असली तरी ज्या वर्षी पाऊस आणि सोडलेले पाणी दोन्ही कमी पडते त्या वर्षी चित्रबलाक घरटी बांधण्याच्या फंदात पडत नाहीत. नदीच्या पाण्याबरोबर मासळीची पिल्लेही येतात, नळाने ओतलेल्या पाण्याबरोबर येत नाहीत, आणि मासळी नसेल तर पिल्लांना भरवायचे काय, हे त्या पक्ष्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणून आरक्षण करण्यापूर्वी सप्टेंबरअखेरीस निवासाच्या ठिकाणी दूरध्वनी करून दोनच गोष्टी विचाराव्यात : पाणी किती ब्लॉकमध्ये (म्हणजे बंधाऱ्यांनी पाडलेल्या कप्प्यांत) भरले आहे आणि चित्रबलाक बसले आहेत का. उत्तर देणारा अडखळला तर बेत पुढच्या वर्षावर टाकण्यात काहीच नुकसान नाही.

प्रश्न : 8×42 आणि 10×42 यांपैकी कोणती दुर्बीण घ्यावी? (सांगली)

उत्तर : 8×42. दहापटीची दुर्बीण हातात अधिक थरथरते, तिचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते आणि भरतपूरला पक्षी मुळात इतके लांब नसतात. 42 हा आकडा भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास आहे आणि धुक्याच्या सकाळी उजेड कमी असताना त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : आत खासगी गाडी नेता येत नाही असे समजले. माझ्या वडिलांना फार चालवत नाही. सायकलरिक्षा घ्यावी की मार्गदर्शक घ्यावा? (ठाणे)

उत्तर : रिक्षा घ्यावी, कारण तिथे रिक्षावाला हाच बहुधा मार्गदर्शकही असतो. उद्यानात परवानाधारक रिक्षाचालकांना पक्ष्यांविषयीचे प्रशिक्षण देण्यात आले आहे. त्यांतील जुन्या माणसांची नजर अशी आहे की पेडल मारता मारता, मान न वळवता, ते फांदीला चिकटून झोपलेला रातवा हा निशाचर पक्षी दाखवतात आणि आपण तो दुर्बिणीतूनही तीन मिनिटे शोधत बसतो. वडिलांना रिक्षात बसवून आपण शेजारून चालणे हा उत्तम मार्ग आहे. रिक्षा ठरवताना एकच गोष्ट आधी स्पष्ट करावी : आम्हाला यादी पूर्ण करायची नाही, जिथे थांबा म्हणू तिथे थांबायचे. तासावर पैसे मिळत असल्याने थांबण्याला त्यांची हरकत नसते. घाई असते ती बहुतेक वेळा आपल्यालाच. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी दुसऱ्या दिवशी भाड्याची सायकल घ्यावी आणि मुख्य डांबरी रस्ता सोडून आतल्या पायवाटांना लागावे.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि 70-300 मिलिमीटरचे भिंग आहे. भरतपूरसाठी 150-600 भाड्याने घ्यावे का? मागच्या वेळी भिगवणला काढलेले बगळ्यांचे सगळे फोटो पांढरे फटक आले, त्याचे काय चुकले? (नागपूर)

उत्तर : पहिल्या खेपेला भाड्याचे भिंग घेऊ नये असे माझे मत आहे. दोन किलोंचे अनोळखी भिंग गळ्यात अडकवून आपण चार दिवस त्याच्याशीच झगडत राहाल आणि पक्षी पाहायचा राहून जाईल. बंधाऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पाणी असल्यामुळे भरतपूरला जांभळा बगळा, खंड्या, तिरंदाज, जांभळी पाणकोंबडी हे पक्षी आपल्या 300 मिलिमीटरच्या टप्प्यात सहज येतात. माणसांच्या सततच्या वर्दळीला ते सरावलेले आहेत. उघड्या पाण्याच्या मध्यावर बसलेल्या बदकांसाठी मात्र 600 सुद्धा अपुरे पडते, तेव्हा त्यांचा हट्ट सोडून द्यावा.

आता बगळ्यांविषयी. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. बगळा पांढरा आणि त्याच्यामागचे पाणी किंवा लव्हाळे काळपट असले की तो त्या काळपट भागाला उजळवू पाहतो आणि त्या भरात बगळ्याच्या पिसांतील सगळा तपशील जळून जातो. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे दोन-तृतीयांश किंवा उणे एकवर ठेवून एक फोटो घ्यायचा, हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेड-अंधाराची वाटणी दाखवणारा, आलेख उजव्या भिंतीला टेकला नाही ना हे पाहायचे आणि मगच पुढचे फोटो काढायचे. धुक्यात नेमके उलटे घडते. सगळे दृश्यच पांढुरके असल्यामुळे कॅमेरा ते अंधारून टाकतो, म्हणून तिथे अधिक एकच्या आसपास जावे लागते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग 1/2000 सेकंदाच्या जवळ असावा आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तर वाढवावा, कारण दाणेदार पण रेखीव फोटो सुधारता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

याहून मोठा फरक पडतो तो खाली बसल्याने. रिक्षात बसून काढलेल्या फोटोत पक्षी वरून दिसतो आणि त्याच्यामागे गढूळ पाणी येते. तोच पक्षी बंधाऱ्याच्या कडेला मांडी घालून, कॅमेरा गुडघ्यावर टेकवून टिपला तर पाठीमागे दूरची धूसर झाडे येतात. एखादा चित्रबलाक चरताना दिसला तर त्याच्यासमोर अर्धा तास असे बसून पाहावे. चोच किंचित उघडी ठेवून तो ती पाण्यात अर्धी बुडवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहतो. मध्येच एक पाय पुढे टाकून तळाचा गाळ ढवळतो. त्याची डोळ्यांची मदत फारशी नसते, मासा चोचीला लागला की ती झटकन मिटते. आपण हा क्रम दोन-तीन वेळा पाहिला की चोच वर कधी येणार याचा अंदाज बोटाला आपोआप येऊ लागतो आणि तो अंदाज कोणत्याही महाग भिंगात मिळत नाही. जाता जाता, आपण नागपूरचे आहात म्हणून सांगतो : सारस पाहण्यासाठी आपल्याला भरतपूरपर्यंत जाण्याची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यातील भातखाचरांच्या परिसरात मोजकेच सारस उरले आहेत, त्यांना आधी भेटून या.

प्रश्न : मी 1984 साली महाविद्यालयाच्या सहलीबरोबर भरतपूरला सैबेरियन क्रौंच पाहिले होते. आता नातीला घेऊन जाणार आहे. वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात ‘सैबेरियाचे पाहुणे दाखल’ अशा बातम्या येतात, मग ते क्रौंच पुन्हा दिसू लागले आहेत का? (कोल्हापूर)

उत्तर : नाहीत. भरतपूरला सैबेरियन क्रौंचाची शेवटची जोडी 2001-02 च्या हिवाळ्यात दिसली आणि त्यानंतर एकही पक्षी आलेला नाही. आपण पाहिले ते पश्चिम सैबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यात वीण करणाऱ्या कळपाचे पक्षी होते. 1960 च्या दशकाच्या मध्यास या उद्यानात सुमारे 200 क्रौंच मोजले गेले होते, पुढे प्रत्येक दशकात ती संख्या खाली येत गेली. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानावरून जाणाऱ्या हजारो किलोमीटरच्या वाटेवर त्यांची शिकार होत राहिली, मधल्या मुक्कामांच्या पाणथळी आटल्या आणि वर्षाला जेमतेम एखादे पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्याला ही घट भरून काढता आली नाही. ही जात पूर्ण नष्ट झालेली नाही. पूर्व सैबेरियात वीण करणारे क्रौंच आजही हिवाळ्यात चीनच्या पोयांग सरोवरावर उतरतात. भरतपूरला येणारी परंपरा मात्र तुटली, कारण क्रौंचांची पिल्ले ही वाट आईबापांबरोबर उडूनच शिकतात आणि शिकवणारे कोणी उरले नाही.

या कहाणीचा एक भाग उद्यानाच्या आतलाही आहे आणि तो नातीला सांगण्यासारखा आहे. केवलादेव 1981 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतर 1982 मध्ये तिथली गुरेचराई बंद करण्यात आली. भोवतालच्या गावांचा या बंदीला विरोध होता, त्यातून पोलिसांशी संघर्ष झाला आणि त्यात माणसांचे जीवही गेले. म्हशी बाहेर गेल्यावर पक्षी वाढतील अशी सर्वांचीच अपेक्षा होती. घडले ते वेगळेच. पास्पालम नावाचे पाणगवत कोणी खाणारे न राहिल्यामुळे माजले, त्याने उघडे पाणी झाकून टाकले आणि बदकांना उतरायला व चरायला जागा कमी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून म्हशींचे चरणे पाणथळीला उपकारक होते असा निष्कर्ष निघाला. चराईबंदीच्या बाजूने असलेल्या अभ्यासकांच्याच संस्थेने हा निष्कर्ष मांडला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

वर्तमानपत्रांतील ‘सैबेरियाचे पाहुणे’ हा आपल्याकडील जुना मराठी रिवाज आहे. हिवाळ्यात दिसणारा प्रत्येक पक्षी सैबेरियाच्या खात्यावर टाकला की बातमीला वजन येते. प्रत्यक्षात ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांपैकी बरेचसे कच्छमधून येतात आणि पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलिया या भागांतून हिमालय ओलांडून येतात. भरतपूरला नातीला हे पट्टकादंब अवश्य दाखवा. डोक्यावरचे दोन काळे पट्टे तिला लगेच ओळखता येतील. त्यानंतर उद्यानातील केवलादेवाच्या देवळाजवळ उभे असलेले दगडी शिलालेखही दाखवा. कोणत्या साली कोण पाहुणे आले, किती बंदुका होत्या आणि किती पक्षी मारले, याचे हिशेब त्यावर कोरलेले आहेत. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले, ती तारीख 12 नोव्हेंबर 1938 होती. योगायोग असा की 12 नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस आहे आणि महाराष्ट्रातील पक्षी सप्ताह दरवर्षी त्याच दिवशी संपतो.

प्रश्न : आमचा सहा जणांचा गट उत्तराखंडातील सातताल येथे गेला होता. मार्गदर्शकाने मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला समोर आणले. दोघांनी आक्षेप घेतला, उरलेले म्हणाले की इतके पैसे खर्च करून आलो आहोत. यात योग्य काय? (नाशिक)

उत्तर : आक्षेप घेणाऱ्या दोघांचे बरोबर होते. वीण काळात नराला आपल्या हद्दीत दुसऱ्या नराची हाक ऐकू आली की तो घरटे, चारा, सगळे सोडून त्या अदृश्य शत्रूला हुसकावायला येतो. आपल्या गटाला तो एकदा दिसतो, परंतु साततालसारख्या ठिकाणी हंगामात रोज अनेक गट येतात आणि प्रत्येकाला तो ‘दाखवला’ जातो, तेव्हा त्या पक्ष्याचा अर्धा दिवस खोट्या भांडणात जातो. तिथल्या लपणांसमोर (लपून पक्षी पाहण्यासाठी उभारलेल्या आडोशांसमोर) पाणी आणि खाद्य ठेवून पक्षी जवळ आणण्याची जी पद्धत आहे तिच्याविषयी मी इतका कठोर नाही. उन्हाळ्यात ठेवलेल्या पाण्याने पक्ष्यांचे फारसे बिघडत नाही आणि लपणात बसलेली माणसे जंगलात इतस्ततः भटकत तरी नाहीत. तरीही एकाच फांदीवर बसलेल्या निळ्या मॅगपायचे एकसारखे शेकडो फोटो पाहिले की त्या फांदीचाच कंटाळा येतो, हे कबूल करतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात उजनीच्या काठावर मला टिटवीची चार अंडी दिसली. घरटे कसले, गारगोट्यांमध्ये जरासा खळगा आणि त्यात गारगोट्यांसारखीच ठिपक्यांची अंडी. मी पोटावर पडून वीस-बावीस मिनिटे फोटो काढत होतो आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. दूर मागे सरकल्यावर मी दुर्बीण लावली. ती आधी पाण्यावर गेली, पोटाची पिसे बुडवून ओली केली, धावत येऊन अंड्यांवर उभी राहिली आणि थोड्या वेळाने पुन्हा पाण्याकडे गेली. अंडी उबवण्यासाठी नव्हे, तर ती उन्हाने भाजू नयेत म्हणून तिची ही ये-जा चालली होती आणि तिची ती वीस मिनिटे मी अडवली होती. त्या दिवसापासून घरट्याचा फोटो मी काढत नाही. भरतपूरची वसाहत झाडांवर उंचावर असते आणि रस्त्यावरून, अंतर राखून पाहिली जाते म्हणून तो अपवाद मानतो. आपल्या गटासाठी व्यवहार्य सूचना एवढीच, की मार्गदर्शक ठरवतानाच ‘हाक वाजवायची नाही’ असे सांगून टाकावे. ऐन वेळी पक्ष्यासमोर वाद घातला तर पक्षीही जातो आणि मैत्रीही.

प्रश्न : मुंबईहून रेल्वेने जाणार आहोत. भरतपूरला किती दिवस द्यावेत आणि जोडून काय पाहावे? (डोंबिवली)

उत्तर : कोटामार्गे दिल्लीकडे जाणाऱ्या काही गाड्या भरतपूर जंक्शनला थांबतात, म्हणून दिल्लीला वळसा घालण्याचे कारण नाही. उद्यानासाठी तीन पूर्ण दिवस ठेवावेत, म्हणजे एखादी सकाळ धुक्यात गेली तरी चुटपुट लागत नाही. आणखी एक दिवस असेल तर तो आग्र्याऐवजी चंबळला द्यावा, असे मी सुचवेन. धोलपूरजवळ चंबळ अभयारण्यात नावेतून फिरताना वाळूवर पसरलेल्या घडियाल मगरी आणि नशिबात असेल तर पाणचिरा दिसतो. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते आणि ती पाण्यात घालून तो पृष्ठभाग कापत उडत जातो. नावेत उजवीकडे बसायचे की डावीकडे, हे चढण्यापूर्वी सूर्य कुठे आहे ते पाहून ठरवावे. एकदा नाव निघाल्यावर नावाडी कोणालाही जागा बदलू देत नाही.